पुकारलेलं पुण्य

सदलग्याला दूधगंगा आहे, ऊस आहे, कन्नड आहे, मराठी आहे आणि या चौघांच्या जिवावर चालणारा देवळाचा लाउडस्पीकर आहे. जत्रा असो, उरूस असो, कळसारोहण असो नाहीतर पंचकल्याण पूजा. हा लाउडस्पीकर देवाचं नाव एकदा घेतो आणि देणगीदाराचं दोनदा. आधी मराठीत, ‘अमुक गल्लीतल्या अमक्यांच्याकडून पाच हजार एक रुपये’, मग कन्नडात, ‘ऐदु साविरद ओंदु’. वारा बरा असला तर रक्कम नदी ओलांडून दत्तवाडला, म्हणजे थेट महाराष्ट्रात ऐकू जाते. सीमाप्रश्न १९५६ पासून भिजत पडला आहे, पण शेजाऱ्यानं देवाला किती दिले हे दोन्ही भाषिकांना एकाच वेळी कळावं, याची सोय आम्ही केव्हाच करून ठेवली आहे.

दोन भाषांचा तोटा एकच. ज्यानं पाचशे एक दिलेत, त्याला एकाच रात्रीत दोनदा कमी पडल्यासारखं होतं. मराठीत लाज वाटून जरा सावरतोय तोवर कन्नड येतं.

वर्गणीची पोरं दारात आली की हा खेळ बघावा. ‘आण्णा, किती लिहू?’ असं पोरं विचारतात. आण्णा आकडा सांगत नाहीत. ते पावतीपुस्तक हातात घेतात, चष्मा लावतात आणि मागची पानं उलटायला लागतात. सातबारा वाचताना नसते एवढी एकाग्रता तेव्हा चेहऱ्यावर असते.

‘ह्येनं अकराशे एक दिलंय?’

‘व्हय आण्णा.’

‘त्येला रान किती हाय, आन् मला किती हाय?’

पोरं गप्प राहतात. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे त्यांना मागच्या वर्षीच्या पोरांनी शिकवलेलं असतं. आण्णांचा हिशेब मनातल्या मनात सुरू होतो. शेजाऱ्याचं रान, त्यातली कूपनलिका, यंदाचं टनेज, पोराची पुण्यातली नोकरी, म्हशी. या सगळ्याला कशानं तरी भागून शेवटी जो आकडा निघतो, तो देवाच्या वाट्याला येतो. देवळात कुठला देव आहे, यानं त्या आकड्यात काही फरक पडत नाही. पोरंही बेरकी असतात. पुस्तकातली पहिली पावती ती गावातल्या सगळ्यात सढळ माणसाकडून फाडून आणतात. पुढचं काम ती पावतीच करते.

त्या शेवटच्या एका रुपयाबद्दलही सांगितलं पाहिजे. शून्यावर संपणारी रक्कम अशुभ, म्हणून वर एक रुपया. पण सख्ख्या भावानं अकरा हजार दिलेत असं कळल्यावर अकरा हजार एक देणाऱ्याच्या मनात शुभाशुभ कितपत असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. घरवाटणीत राहिलेलं सगळं त्या एका रुपयात वसूल होतं.

पुकारलेली रक्कम वाऱ्यावर जाते, म्हणून ग्रॅनाइट आलं. देवळाच्या दारातली काळी फरशी म्हणजे गावाचा सातबारा. पाच हजारांच्या वरचे ग्रॅनाइटवर, त्याखालचे रंगवलेल्या बोर्डावर आणि त्याखालचे सगळे ‘व इतर भाविक’ या एका ओळीत. गावात नवीन पाहुणा आला की तो देवाला हात जोडायच्या आधी ही फरशी वाचतो. सोयरिकीला आलेला असेल तर नंतरही वाचतो. ओळी रकमेच्या उतरत्या क्रमानं असल्यामुळं कुणाच्या डोक्यावर कोण बसलंय, हे कायमचं कोरलेलं असतं. मधल्या काळात वरचा बुडाला आणि खालचा गबर झाला, तरी दगड ऐकत नाही. मग खालच्याला जीर्णोद्धाराची तातडी वाटू लागते.

पंखा देणाऱ्याची पंचाईत वेगळीच. त्याचं नाव पात्यावर असतं. पंखा चालला की नाव वाचता येत नाही आणि थांबला की लोक विचारतात, ‘हा बंद पंखा कुणी दिलाय?’ भिंतीवरच्या घड्याळाचंही तसंच. सेल संपून काटे अडले तरी ‘सप्रेम भेट’ आणि दात्याचं नाव ठळक असतं. जणू वेळ त्यांनीच थांबवली. त्या मानानं पातेली देणारे सुखी. प्रत्येक लग्नात, बारशात, बाराव्याला पातेलं जातं आणि त्याच्या काठावर ठोकलेलं नाव गल्लीतला प्रत्येक आचारी वाचतो. हुग्गी करपली, तरी नाव करपत नाही.

आणि गुप्तदान! गुप्तदान करणारा माणूस ओळखायला फार सोपा. ‘एका भाविकाकडून गुप्तदान, एकवीस हजार एक’ असं पुकारलं की सगळी मंडळी माइककडं बघतात. तो एकटाच छताकडं बघत असतो.

पण या सगळ्या किरकोळ बाबी. चढाओढीचं खरं शास्त्र बघायचं असेल, तर आमच्या जैन समाजातल्या पंचकल्याण पूजेचे सवाल बघावेत. तीर्थंकरांच्या आयुष्यातल्या पाच मंगल घटना, गर्भ, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि मोक्ष, मांडवात साजऱ्या होतात आणि त्यांत कोण कुणाच्या भूमिकेत असणार हे बोलीनं ठरतं. त्या बोलीला इकडं सवाल म्हणतात. सौधर्म इंद्र कोण, त्याची इंद्राणी कोण, कुबेर कोण, भगवंताचे माता-पिता कोण. जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीत बालभगवंताला घेऊन हत्तीवर बसतो तो सौधर्म इंद्र, त्यामुळं त्या सवालाला गर्दी सगळ्यात जास्त. उरलेल्यांनाही स्वर्ग मिळतो, फक्त हत्ती मिळत नाही.

सवाल घालणारा माणूस निवडून आणलेला असतो. गावातली भाऊबंदकी, मागच्या निवडणुकीतले पॅनेल, कुणाचं लग्न कुणामुळं मोडलं, सगळं त्याला तोंडपाठ. तो आकड्यांकडं बघतच नाही, चेहऱ्यांकडं बघतो. ‘एक लाख एक... आण्णांच्या बाजूनं एक लाख एक... तात्या, तुम्ही मघाशी हात वर केला का मान खाजवली?’ तात्यांनी मानच खाजवलेली असते. पण चारशे लोकांसमोर ‘मान खाजवली’ म्हणायचं कसं? इतक्यात बायकांच्या बाजूनं तात्यांच्या घरच्या आक्का नुसतं एकदा बघतात. त्या बघण्यात मागच्या पंचकल्याणात जावेनं घातलेला इंद्राणीचा मुकुट असतो, मिरवणुकीतला तिचा फोटो असतो आणि तो फोटो गेली कित्येक वर्षं जावेच्या सोफ्याच्या वर टांगलेला असतो. तात्या हात वर करतात. सवाल पुढं सरकतो.

आता हे हसण्यावारी नेताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही चुरस नसती तर आमच्या भागातल्या निम्म्या देवळांना कळस नसता आणि उरलेल्यांना शिखर नसतं. पाठशाळा चालल्या, धर्मशाळा उठल्या, पुराच्या वर्षी चुली पेटल्या त्या याच पैशावर. मत्सरानं दिलेल्या सिमेंटची भिंतही प्रेमानं दिलेल्या सिमेंटइतकीच पक्की होते. इंजिनिअरला विचारा.

शास्त्रकार मात्र इंजिनिअर नव्हते. उमास्वामींनी रचलेल्या जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात अतिथीला द्यायच्या दानाचे पाच दोष सांगितले आहेत. पहिले दोन स्वयंपाकघरातले. हिरव्या पानावर अन्न ठेवणं आणि हिरव्या पानानं झाकणं. बाकीचे तीन वाचले की वाटतं, उमास्वामी आमच्या मांडवात मागच्या रांगेत बसून गेले असावेत. तिसरा दोष, दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून देणं. सरकारी निधीतून झालेल्या सभामंडपावर कुणाचं नाव असतं, ते आठवा. चौथा, मत्सर. त्याचा अर्थ लावताना कर्नाटकातल्याच पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत स्पष्ट सांगितलंय की आदर न ठेवता देणं किंवा दुसऱ्या दात्याचं चांगलं न बघवणं, म्हणजे दानातला मत्सर. या गोष्टीला दीड हजारांच्या आसपास वर्षं झाली. तेव्हा लाउडस्पीकर नव्हता, ग्रॅनाइट पॉलिशचं मशीन नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं, तरी शेजाऱ्याची रक्कम ऐकू येतच होती म्हणायची. आणि पाचवा दोष, वेळ टळून गेल्यावर देणं. मूळ मुद्दा जेवणाच्या वेळेचा आहे. आमच्याकडं त्याचा संबंध ऊस बिलाशी येतो, पण त्याबद्दल पुढं.

तुलनेचा हा किडा फक्त आमच्याच उसात नाही. महाभारतात युधिष्ठिराचा अश्वमेध संपतो, दानानं लोक दिपून जातात, तेवढ्यात अर्ध्या अंगानं सोनेरी असलेलं मुंगूस येऊन सगळ्यांसमोर सांगतं की कुरुक्षेत्रातल्या एका गरीब ब्राह्मणानं उपाशीपोटी दिलेल्या शेरभर सातूच्या पिठाची सर या यज्ञाला नाही. त्या पिठाच्या कणांनी त्याचं निम्मं अंग सोन्याचं झालं होतं, बाकीचं निम्मं यज्ञात लोळूनही तसंच राहिलं. गोष्ट थोर आहेच. पण बारकाईनं बघितलं तर मुंगूसही तुलनाच करत हिंडत होतं की! बायबलमध्ये येशू ख्रिस्त जेरुसलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतंय ते बघतात. श्रीमंत पुष्कळ टाकतात आणि एक विधवा तांब्याची दोन बारकी नाणी टाकते. तिनं सगळ्यांपेक्षा जास्त दिलं, असं ते शिष्यांना सांगतात. दोन्हीकडं कुणीतरी बसून बघतंच आहे. फरक इतकाच, त्यांनी पेटीत किती पडलं ते मोजलं नाही, देणाऱ्याच्या घरात किती उरलं ते मोजलं. आमच्या आण्णांनीही घरातलंच मोजलं होतं म्हणा, पण शेजाऱ्याच्या.

एक जागा मात्र अशी आहे जिथं आमच्या गल्लीतली सगळी हुशारी वाया जाते. मुनिसंघ गावात आला की सकाळी घराघरात चौका लागतो. सोवळ्यात स्वयंपाक, गाळलेलं पाणी, धुतलेली वस्त्रं. मग घरातली माणसं कलश, नारळ, फळं हातात घेऊन दारात उभी राहतात. याला पडगाहन म्हणतात. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत आहार घेतात. निघताना ते मनाशी एखादा विधी धरतात. अमुक वस्तू हातात असलेलं, अमुक तऱ्हेनं उभं असलेलं कुणी दिसलं, तरच थांबायचं. नाही दिसलं तर उपास. तो विधी कुणाला सांगत नाहीत. इथं सवाल चालत नाही, ग्रॅनाइट चालत नाही, कोण कुठल्या पॅनेलचा हेही चालत नाही. बंगल्यावरून मुनी सरळ पुढं जातात आणि पत्र्याच्या घरासमोर थांबतात. पत्र्याच्या घरातल्या काकींना आनंदानं रडू फुटतं. बंगल्यातल्या काकी काय चुकलं ते शोधायला लागतात.

शोध अर्थातच लागतो. ‘तिच्या हातात दोन नारळ होते.’ दुसऱ्या दिवशी पूर्ण गल्ली दोन-दोन नारळ घेऊन उभी. मुनी एका आंब्याच्या डहाळीपाशी थांबतात. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या आंब्याला पान राहत नाही. मुनी नवराबायको जोडीनं उभे असलेल्या दारी थांबतात. चौथ्या दिवशी वर्षभर एकमेकांशी न बोललेली जोडपी खांद्याला खांदा लावून दारात. मुनींचा विधी रोज बदलतो आणि गल्ली रोज कालच्या परीक्षेची तयारी करते. या निमित्तानं का होईना, दोन-चार संसार सांधले गेले असतील, तर ते पुण्य कुणाच्या खात्यावर टाकायचं, हा वेगळा सवाल.

त्यातून आहार सुरू झाल्यावर ओंजळीत केस सापडला तर अंतराय. मुनी तिथंच थांबतात, त्या दिवशी पुढं अन्न नाही की पाणी नाही. सगळं घर कोसळतं. आणि दुपारपर्यंत तो केस कुणाचा होता, याचा तपास गल्लीत पूर्ण झालेला असतो.

याच सदलग्यात १० ऑक्टोबर १९४६ ला, शरद पौर्णिमेला, अष्टगे यांच्या घरी विद्याधर नावाचा मुलगा जन्मला. वडील मल्लप्पा, आई श्रीमंती. पोरगा विशी ओलांडतोय तोवर घर सोडून उत्तरेकडं गेला. ३० जून १९६८ ला अजमेरला आचार्य ज्ञानसागरांच्याकडून त्यानं मुनिदीक्षा घेतली, १९७२ मध्ये आचार्य झाला आणि आचार्य विद्यासागर म्हणून पुढची पन्नासहून जास्त वर्षं देशभर अनवाणी फिरला. १८ फेब्रुवारी २०२४ ला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर सल्लेखनेनं, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून, त्यांचा देह पडला. पण मला इथं सांगायचंय ते त्या घराबद्दल. मुलगा गेला, पुढं वडिलांनी दीक्षा घेतली, आईनं घेतली, धाकट्या भावांनी घेतली. त्यांतले एक, समयसागर, थोरल्या भावानंतर २०२४ मध्ये त्यांच्या जागी आचार्य झाले.

आता ही देणगी लाउडस्पीकरवरून पुकारायची कशी? फरशीवर कोरायची तर रकमेच्या रकान्यात काय लिहायचं? त्यावर एक रुपया चढवून सवाल पुढं नेणारा तर सदलग्यात अजून कुणी भेटलेला नाही. त्या घराबद्दल गावात चढाओढीची भाषा कुणी करत नाही, याचं कारण नम्रता असेल असं मला वाटत नाही. तेवढा आकडाच कुणाला सुचत नाही.

विद्यासागर महाराजांनी मीठ सोडलं होतं आणि साखर सोडली होती, तीही आयुष्यभरासाठी. ज्या गावात माणसाची पत एकरी टनेजवर ठरते, त्या गावच्या माणसानं साखर सोडावी! ही गोष्ट आमच्याकडं सांगितली की कारखान्याचे सभासद जरा अवघडतात. पण मला कणव येते ती बुंदेलखंडातल्या सुगरणींची. महाराजांचा बराच काळ तिकडंच गेला. चौका लावायचा, पहाटे उठून राबायचं, आणि मीठ नाही, साखर नाही. मग शेजारणीपेक्षा आपला स्वयंपाक सरस ठरायचा कशावर? हिच्या अळणी आमटीत आणि तिच्या अळणी आमटीत फरक काय करणार? चवीच्या मार्गानं मत्सराला वाटच ठेवलेली नव्हती. उरलं ते नुसतं देणं.

आणि साखरेवरून आठवलं. दानाची पहिली गोष्ट आमच्या पिकाचीच आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात ती आहे, पंपानं इ. स. ९४१ मध्ये तीच कथा कन्नडात काव्य करून सांगितली. पहिले तीर्थंकर ऋषभदेव राज्य सोडून मुनी झाले, सहा महिने ध्यानात उभे राहिले, मग आहारासाठी गावोगाव फिरू लागले. मुनीला काय द्यायचं असतं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी हत्ती आणले, घोडे आणले, रत्नं आणली, नटवलेल्या मुली आणल्या. एकानं एक हत्ती आणल्यावर दुसऱ्यानं दोन आणले असणार. पुराणात हे लिहिलेलं नाही, पण लोक आपलेच होते. ऋषभदेव काही न बोलता पुढं जात राहिले. त्यांना भूक लागली असेल, एवढी साधी गोष्ट त्या हत्तींच्या गर्दीत कुणाला सुचली नाही. असे आणखी सहा महिन्यांच्या वर गेले. शेवटी हस्तिनापुरात राजघराण्यातल्या श्रेयांसाला पूर्वजन्माची आठवण झाली आणि त्यानं त्यांच्या ओंजळीत उसाचा रस घातला. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा.

राजघराण्यातलाच होता तो. हत्ती त्याच्याकडंही असणार. काढला उसाचा रस!

ही गोष्ट ऐकताना सदलग्याच्या शेतकऱ्याची छाती फुगते. पंचकल्याणात दीक्षेनंतर हा आहाराचा प्रसंग येतो, भगवंतांना उसाचा रस दिला जातो. तिथं श्रेयांस कोण होणार? बरोबर, सवाल. ज्यानं डावीउजवीकडं न बघता घरात होता तो रस पुढं केला, त्याच्यासारखं एक दिवस वागायला मिळावं म्हणून मंडळी डावीउजवीकडं बघत बघत आकडा चढवतात. पंचवीस हजार एक, एकतीस हजार एक, एक्कावन्न हजार एक. एका तांब्याभर रसासाठी जेवढ्यावर सवाल तुटतो, तेवढ्यात उसानं भरलेला ट्रॅक्टर येईल.

सवाल तात्यांच्या नावावर पडतो. नगारा वाजतो, मुकुट चढतो, आक्का पहिल्यांदाच हसतात. खजिनदार वही घेऊन तात्यांच्या शेजारी येऊन टेकतो आणि हळूच विचारतो,

‘तात्या, रक्कम कवा?’

‘देतो की. कारखान्याची पहिली उचल पडू दे.’

‘म्हंजे मागल्या खेपेसारखं...’

‘मागल्या खेपेला दर जाहीर झाला नव्हता. लिही की, येणे म्हणून.’

‘लिवतो. आन् रसाचं काय?’

‘त्येला कशाला उचल पायजे?’ तात्या मुकुट सावरत म्हणतात. ‘घरचा ऊस हाय. पोरगं मघाशीच गेलंय तोडायला.’